वाद्यांना लागणारी कीड : शब्द, वस्तू आणि दोन न्याय

मराठीत तंबोऱ्याला सूर लागतो आणि तंबोऱ्याला कीडही लागते. दोन्ही वाक्यांचे क्रियापद एकच आहे. व्याकरणदृष्ट्या सूर व कीड हे या वाक्यांतील कर्ते खरे. परंतु त्यांच्या हेतूविषयी किंवा कृतीविषयी वाक्य काहीच सांगत नाही. चतुर्थीत ठेवलेल्या वस्तूच्या वाट्याला काय आले, एवढेच ते सांगते. भूक लागणे, आग लागणे, दृष्ट लागणे हे प्रयोग याच जातीचे होत. पाहणाऱ्यास जे दिसले त्याची नोंद अशा प्रयोगांत होते. ते कोणी केले व कसे केले हे बाजूस राहते. नित्याच्या व्यवहारात यामुळे काही अडत नाही. परंतु जुन्या वाद्यांच्या जतनाचा प्रश्न येतो तेव्हा हीच मोघम नोंद नुकसानीस कारण होते. वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असलेली सतार खाली काढावी, तिच्या तबलीच्या कडेने पिवळसर पीठ गळावे, आणि ‘कीड लागली’ एवढ्या निदानावर भोकांत रॉकेल सोडावे, हा प्रकार अपरिचित नाही. त्या रॉकेलाने कीड मरतेच असे नाही. सरस, कातडे व रोगण यांची हानी मात्र होऊ शकते.

वाद्यात राहणारा जीव सहसा डोळ्यांस दिसत नाही. दिसते ती त्याची खूण : भोक, भुगा, मातीचे बूच, कुरतडलेला केस. या खुणांवरून माणसाने जी अनुमाने केली ती शब्दांच्या आणि न्यायांच्या रूपाने भाषेत टिकून राहिली आहेत. त्यांतील काही अचूक आहेत, काही चुकीची आहेत. ती पारखून घेतल्यावाचून वाद्य वाचविण्याचा उपाय ठरविता येत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. घराचे वाद्य

वाद्य आणि घर यांचा संबंध वाटतो तितका आकस्मिक नाही. नाद घुमण्यास पोकळी लागते आणि लहान जिवास आसऱ्यासाठीही पोकळीच लागते. साहजिकच काही वाद्ये आधी घरे होती. याचे सर्वांत सरळ उदाहरण शंखाचे. आपल्याकडे पूजेत वाजविला जाणारा शंख हे टर्बिनेला पायरम या सागरी गोगलगायीचे कवच होय; मन्नारच्या आखातात ही गोगलगाय आढळते. आतील प्राणी गेल्यावर कवचाचे टोक कापले की फुंकण्यास मुख तयार होते. ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याजवळील मार्सूला गुहेत १९३१ साली एक मोठा शंख सापडला. तो पाणी पिण्याचा पेला असावा असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. त्याचे टोक हेतुपुरस्सर फोडलेले आहे व तो वाजविण्यासाठी घडविलेला आहे, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला. सुमारे १८,००० वर्षांपूर्वीच्या या शंखातून एका वादकाने तीन निरनिराळे स्वर काढून दाखविले. खुणेचे चुकीचे वाचन आणि नंतरचे बरोबर वाचन यांचा हा एक नमुनाच म्हणता येईल.

शंखात घर आधी पूर्ण होते आणि माणूस मागाहून येतो. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँड येथील आदिवासींच्या डिजरिडू या सुषिर वाद्यात जीव हा घडविणाऱ्यांपैकीच एक असतो. तेथील वाळवी जिवंत निलगिरी वृक्षाच्या गाभ्यातील लाकूड खाते. बाहेरचे जिवंत लाकूड शाबूत राहते. वाद्य करणारा माणूस रानात हिंडून झाडांच्या खोडांवर टिचक्या मारतो आणि आवाजावरून आतील पोकळी जोखतो. योग्य खोड मिळाले की ते सामान्यतः एक ते दीड मीटर लांबीचे तोडून घेतो, आतील माती व भुसा काढतो, साल तासतो आणि फुंकण्याच्या टोकाशी मेण लावतो. म्हणजे नळी कोरते वाळवी आणि मुख करण्यास मेण देते मधमाशी. वाळवीने कोरलेली नळी सरळ व एकसारखी नसते. ती वेडीवाकडी आणि खालच्या बाजूस रुंद होत जाणारी असते. त्यामुळे तिचे वरचे स्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत येत नाहीत, आणि प्रत्येक वाद्याचा आवाज स्वतंत्र राहतो.

या वाद्याच्या नावातही भाषाभ्यासकास रस वाटावा असे काही आहे. ‘डिजरिडू’ हा शब्द तेथील कोणत्याही आदिवासी भाषेतला नसून वाद्याचा आवाज ऐकून बाहेरच्यांनी केलेला अनुकरणवाचक शब्द असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ईशान्य आर्नहेम लँडमधील योल्ङू लोकांचा स्वतःचा शब्द ‘यिदाकी’ असा आहे. बाहेरच्या माणसाला नाद ऐकू आला आणि त्याने नादाचे नाव ठेवले. दिसेल वा ऐकू येईल त्या खुणेवरून नाव ठेवण्याची हीच प्रवृत्ती पुढे किडींच्या बाबतीतही आढळेल.

२. कीचक

जिवाने पाडलेल्या छिद्रातून नाद निघतो याची जाणीव भारतीय वाङ्मयात निराळ्या रूपाने आली आहे. अमरकोशात ‘कीचक’ या शब्दाचा अर्थ वाऱ्याने हलून शब्द करणारे वेळू असा दिला आहे. कालिदासास ही कल्पना विशेष प्रिय दिसते. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालय गुहांच्या मुखांतून निघालेल्या वाऱ्याने कीचकांची रंध्रे भरतो आणि गाऊ पाहणाऱ्या किन्नरांना जणू सूर धरून देतो. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात व मेघदूतातही वाऱ्याने भरलेले कीचक गाण्याची साथ करतात.

आता वेळूचे पेर दोन्ही बाजूंनी गाठींनी बंद असते. त्यात वारा शिरावयाचा तर त्यास छिद्र हवे. कवी छिद्राचा उल्लेख करतो. ते पाडणाऱ्याचा करीत नाही. रानातील वेळूस अशी छिद्रे चिरा पडून किंवा पक्ष्यांच्या टोचण्यानेही पडतात. परंतु एक महत्त्वाचा कारागीर म्हणजे सुतारभुंगा. याच्या काही जाती वेळूच्या वाळलेल्या पेरात एक गोल भोक पाडून आत घर करतात. भोक इतके रेखीव असते की ते गिरमिटाने पाडले असावे असे वाटते. बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली असता ती जशी घुमते तसे असे पेर वाऱ्याने घुमू शकते. बासरीची उत्पत्ती अशा पेरापासून झाली, असे ऐतिहासिक विधान करण्यास आधार नाही. बासरी करणारा जे करतो तेच काम हा कीटक आपल्या कारणासाठी करतो, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

३. भुंगा : एक नाव, दोन जीव

सुतारभुंग्याची मराठी वाङ्मयातील ओळख जुनी आहे. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, कोरडे लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा दृष्टान्त अर्जुनाच्या स्नेहाकुल अवस्थेस दिलेला आहे. मधमाशी लाकूड पोखरीत नाही. फुलावर जाणारा आणि लाकूडही पोखरणारा असा आपल्याकडील ठळक जीव म्हणजे काळा, जाडजूड सुतारभुंगाच होय. दृष्टान्ताची शोभा बाजूस ठेवली तरी त्यामागील निरीक्षण अगदी नेमके आहे.

परंतु मराठी बोलणारा माणूस ‘लाकडाला भुंगा लागला’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हा काळा भुंगा नसतो. तेथे अभिप्रेत असतो तो लाकूड आतून खाऊन त्याचे पीठ करणारा बारीक भुंगेरा. एकाच शब्दाने येथे प्राणिशास्त्रदृष्ट्या दोन अगदी वेगळे जीव दर्शविले जातात. पहिला मधमाश्यांच्या गणातला. दुसरा कठीण पाठीच्या भुंगेऱ्यांच्या गणातला. पहिला लाकूड खात नाही. तो ते कोरून बाहेर टाकतो, आत पराग व मध यांचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालतो आणि लाकडाच्या चुऱ्याचा पडदा घालून पुढची खोली करतो. त्याला हवे असते ते घर. दुसऱ्याची अळी लाकडातच वाढते आणि लाकडातील पिष्टावर जगते. त्याला घर आणि अन्न एकाच ठिकाणी हवे असते.

हा भेद वाद्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. बासरीच्या वेळूस लागणारा डिनोडेरस मायन्यूटस नावाचा भुंगेरा काही मिलिमीटर लांबीचा असतो आणि त्याची भोके टाचणीने पाडल्यासारखी दिसतात. लिक्टस वंशातील भुंगेरे रुंद छिद्रांच्या लाकडात, तेही त्याच्या बाहेरील कोवळ्या भागात, शिरतात. कारण पिष्टाचा साठा तेथेच असतो. गाभ्याचे पक्के लाकूड ते सहसा टाळतात. पावसाळ्यातील वाढीच्या दिवसांत वेळू तोडू नये, तोडावयाचा तर थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, आणि मग तो वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवावा, असा संकेत खेड्यांतून चालत आलेला आहे. यांतील ऋतूचा आणि पाण्याचा भाग शास्त्रास मान्य आहे. वेळूतील पिष्ट व साखर यांचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते, आणि पाण्यात मुरविल्याने त्यांतील बराच भाग निघून जातो. भुंगेऱ्याचे अन्नच कमी केले की घराचे आकर्षणही कमी होते.

भुंगा आणि भुगा या शब्दांतील ध्वनिसाम्यावरून त्यांचे मूळ एक मानण्याचा मोह होतो. ‘भुंगा’ हा शब्द संस्कृत ‘भृंग’ या शब्दापासून आला. भुंग्याने भुगा केला हे वस्तुस्थितीत खरे असले, तरी तेवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. असे साम्य योगायोगानेही घडते. आणि अशा योगायोगाचे संस्कृतातील नावच मुळी लाकूड खाणाऱ्या किड्यावरून पडले आहे.

४. घुणाक्षरन्याय

घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. त्याने कोरता कोरता लाकडावर एखादे अक्षर उमटल्यासारखे दिसावे, पण त्या अक्षराच्या मागे किड्याचा हेतू अथवा ज्ञान काहीच नसावे, याला घुणाक्षरन्याय म्हणतात. अर्थविचारात या न्यायास मोठे स्थान देता येईल. हेतुपुरस्सर केलेले चिन्ह आणि हेतूवाचून उमटलेले लक्षण यांतील फरक तो एका प्रतिमेत सांगतो. अक्षर हे चिन्ह आहे. घुणाने पाडलेली रेघ हे लक्षण आहे.

मात्र लक्षण म्हणजे निरर्थक खूण, असा न्यायाचा अर्थ घेणे बरोबर होणार नाही. घुणाची रेघ अक्षर म्हणून वाचता येत नसली, तरी घुणाविषयीचा पुरावा म्हणून ती वाचता येते. भोकाचा व्यास, त्याची कड, भुग्याचा पोत या तीन गोष्टींवरून जीव कोणता हे पुष्कळ अंशी ठरते. लिक्टसचा भुगा मैद्यासारखा मऊ असतो. युरोपातील व्हायोलिन, ऑर्गन इत्यादी वाद्यांचा जुना शत्रू अ‍ॅनोबियम पंक्टेटम. त्याचा भुगा चिमटीत किंचित खरखरीत लागतो आणि त्याची भोके साधारण दीड ते दोन मिलिमीटर व्यासाची असतात. सुतारभुंग्याचे भोक बोटाएवढे जाड असते आणि खाली पडतो तो जाडसर चुरा.

येथे ‘लागला’ या रूपाकडे पुन्हा वळले पाहिजे. आग लागली म्हणजे आगीस आरंभ झाला. त्याच वळणाने ‘कीड लागली’ म्हणजे किडीचा आरंभ झाला, असे बोलणारा समजतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. या भुंगेऱ्यांची भोके आत शिरण्याची नसून बाहेर पडण्याची असतात. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत किंवा सांध्यांत अंडी घालते, आणि तिची चाहूलही लागत नाही. अळी आतल्या आत वाढते. उष्ण हवेतील भुंगेऱ्यांस यासाठी काही महिने पुरतात, तर अ‍ॅनोबियमसारख्यास दोन ते पाच वर्षे लागतात. ती कोशातून पूर्ण भुंगेरा होऊन बाहेर पडते तेव्हा भोक दिसते. भाषेने ज्याला आरंभ म्हटले तो एका पिढीचा शेवट असतो. म्हणून भोक दिसताच त्यात औषध सोडणे म्हणजे रिकाम्या घराचे दार बंद करण्यासारखे होय. आत दुसरी पिढी आहे की नाही हे पाहण्याचा सोपा उपाय वेगळा आहे. वाद्याखाली काळा कागद पसरून ठेवावा आणि काही आठवड्यांत त्यावर नवा भुगा पडतो का ते पाहावे. भोकाची आतील बाजू फिकी व स्वच्छ असेल तर ते ताजे. मळकट असेल तर जुने. मौल्यवान व्हायोलिनांच्या बाबतीत आता संगणकीय क्ष-किरण छेदचित्रणाने आतील बोगद्यांचा पूर्ण नकाशाच काढता येतो, आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या फळीत पोखरलेला भाग किती आहे हे कळते.

५. भ्रमरकीटन्याय

दुसरा न्याय मातीचे घर करणाऱ्या माशीवरून आला आहे. भिंतीच्या कोपऱ्यात, खुंटीच्या आडोशाला अथवा एखाद्या पोकळ वस्तूत ओल्या मातीची कोठी बांधणारी ही माशी मराठीत कुंभारीण म्हणून ओळखली जाते. ही गांधीलमाशीच्या कुळातली असली तरी एकटीच राहते. हिच्या काही जातभाईंना तर पोकळी बांधण्याचीही गरज नसते. आयती नळी मिळाली की त्या तिच्यात भक्ष्य भरतात, अंडी घालतात आणि तोंडाशी मातीचे किंवा गवताचे बूच बसवितात. एकाकी माश्यांचा अभ्यास करणारे कीटकशास्त्रज्ञ याच सवयीचा उपयोग करून वेळूच्या किंवा बोरूच्या बारीक नळ्यांच्या जुड्या रानात टांगून ठेवतात. अशी जुडी आणि खुंटीला टांगलेली बासरी यांत माशीच्या दृष्टीने काहीच फरक नाही. अनेक महिने न वाजविलेल्या बासरीच्या स्वररंध्रांत मातीची बुचे आढळतात, ती या कारणाने. अमेरिकेतील अशाच एका माशीच्या घरट्याला शेजारीशेजारी लावलेल्या लांब मातीच्या नळ्यांमुळे ऑर्गनच्या नळ्यांची उपमा मिळाली आहे आणि त्यावरूनच तिचे इंग्रजी नाव पडले आहे.

या माशीची वागणूक पाहून आपल्याकडे भ्रमरकीटन्याय रूढ झाला. माशी अळीला धरून आणते, कोठीत कोंडते. अळी भयाने तिचेच ध्यान करीत राहते आणि अखेर स्वतःच माशी होऊन बाहेर पडते, अशी ही समजूत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे. एकनाथी भागवत ही त्याच स्कंधावरील टीका असल्यामुळे मराठी वाचकास हा दृष्टान्त चांगला परिचित आहे. ध्यानाने ध्याता ध्येयरूप होतो, हा त्याचा अभिप्रेत अर्थ दृष्टान्ताच्या कीटकशास्त्रावर अवलंबून नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र कोठीत घडते ते असे. माशी नांगीने अळीला बधिर करते, मारीत नाही. मेलेली अळी कुजून जाईल. कोठीत तिच्याबरोबर माशीचे एक अंडे असते. त्यातून निघालेली माशीची अळी त्या बधिर, ताज्या भक्ष्यावर वाढते, कोश करते आणि बूच फोडून माशी होऊन बाहेर पडते. पाहणाऱ्याचे निरीक्षण अचूक होते : आत अळी गेली, बाहेर माशी आली. चुकले ते मधले अनुमान. कारण मधली घटना बंद कोठीत घडली आणि डोळ्यांस दिसली नाही. घुणाक्षरन्याय खुणेत नसलेला हेतू पाहू नये असे बजावतो. भ्रमरकीटन्यायाच्या पोटातील समजूत, दोन खुणा दिसल्या म्हणून त्यांच्यामधील घटना कळली असे मानू नये, हे शिकविते. वाद्याची पोकळी हीही अशीच बंद कोठी आहे.

६. कातडे, केस, लोकर आणि खळ

लाकूड व वेळू सोडून इतर द्रव्यांकडे पाहिले म्हणजे शब्दांचा गोंधळ अधिकच वाढतो. तबल्याच्या गजऱ्यातील सोळा स्थानांना वादकांच्या परिभाषेत ‘घर’ म्हणतात. पण पुडीवर खरे घर करतो तो चर्मभक्षक भुंगेरा. त्याच्या केसाळ अळ्या वाळलेले कातडे, तांत, केस, पिसे, लोकर असे प्राणिज पदार्थ खातात. संबळ, ढोलकी, नगारा यांची पाने अडगळीत पडली की त्यांवर प्रथम याच अळ्या दिसतात. याच कुळातील एका भुंगेऱ्यास लिनियसने १७६१ मध्ये ‘संग्रहालयांचा’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले, आणि ते आजही यथार्थ आहे. व्हायोलिनची पेटी बराच काळ बंद राहिली की गजाचे केस आपोआप तुटलेले आढळतात. पाश्चात्त्य वादक याचे खापर एका जातीच्या गोचिडीवजा सूक्ष्म जिवावर फोडतात. खरा अपराधी या भुंगेऱ्याची अळी असते. नाव चुकण्याचा दोष केवळ मराठीचा नाही.

पियानोच्या हातोड्यांवरील आणि हार्मोनियमच्या आतील नमदा लोकरीचा असतो. तो खाणारी अळी कपडे खाणाऱ्या पतंगाची. तिला मराठीत ‘कसर’ म्हणतात. परंतु कागद व खळ चाटणाऱ्या पंखहीन चंदेरी किड्यासही ‘कसर’च म्हणतात. पहिलीला लोकर हवी, दुसऱ्याला पिष्ट. तबल्याची शाई लोहचूर्ण आणि शिजविलेल्या पिठाची खळ यांची होते. भात्याचे कागद व कापड सरसाने चिकटविलेले असते. हे झुरळांचे आणि चंदेरी कसरीचे खाद्य होय. पखवाजाच्या धामेवर लावलेली कणीक वादनानंतर खरवडून काढण्याची शिस्त जुने वादक शिष्यांस लावीत. ओली कणीक तशीच राहिली तर पान खराब होते आणि मुंग्या व उंदीर यांस आमंत्रण मिळते.

तंतू कुरतडणाऱ्या जिवाची एक फार जुनी कथा शतपथब्राह्मणात आहे. धनुष्यावर मस्तक टेकवून उभ्या असलेल्या विष्णूच्या धनुष्याची दोरी वम्रींनी कुरतडली आणि त्या झटक्याने त्याचे मस्तक उडाले, असे तेथे म्हटले आहे. मस्तक पडताना झालेल्या ‘घृङ्’ या आवाजावरून ‘घर्म’ शब्दाची व्युत्पत्तीही दिली आहे. या वम्रींना तेथे ‘उपदीका’ असे दुसरे नाव आहे आणि ती वाळवी मानली जाते. वाळवीस मराठीत काही ठिकाणी ‘उधई’ म्हणतात, तो शब्द संस्कृत ‘उद्देहिका’ या शब्दाच्या कुळातला. ताणलेली तंतू तुटल्याचा नाद आणि ती तोडणारा दृष्टीआडचा जीव, अशी ही जोडी कथेत एकत्र आली आहे.

७. नाव आणि उपाय

वरील विवेचनावरून एक गोष्ट उघड होते. ‘कीड लागली’ या एका वाक्याखाली निदान पाच वेगवेगळ्या परिस्थिती झाकल्या जातात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. सुतारभुंगा आणि कुंभारीण यांना वाद्य खावयाचे नसते. भोक बुजविणे, मातीचे बूच हलक्या हाताने ओले करून काढणे एवढे तेथे पुरते, विष लागत नाही. वाळवी वाद्यात बाहेरून येते. ती जमिनीतून, भिंतीतून मातीचे बोगदे करीत येते. म्हणून उपाय इमारतीवर व्हावा लागतो, आणि वाद्य जमिनीपासून व भिंतीपासून दूर उचलून ठेवावे लागते. चर्मभक्षक भुंगेरे आणि लोकर खाणारी कसर यांना अंधार व स्तब्धता हवी असते. उजेड, झाडलोट आणि नियमित वापर हा त्यांवरील पहिला इलाज. लाकूड खाणाऱ्या भुंगेऱ्यांवर मात्र एवढ्याने भागत नाही.

त्यांच्या बाबतीत प्रतिबंधाचा एक भाग कारागिरांनी पूर्वीच साधलेला आहे. मिरजेच्या सतारी व तंबोरे यांवर लाखेचे रोगण चढविले जाते. लाख हा कीटकाचाच स्राव. त्याने लाकडाची उघडी छिद्रे भरली की लिक्टसच्या मादीस अंडी घालण्यास जागा उरत नाही. एका कीटकाने दिलेले द्रव्य दुसऱ्याला असे बाहेर ठेवते. परंतु तबलीची खालची बाजू आणि पोकळीचा अंतर्भाग सहसा रोगणावाचून राहतो, आणि कीड नेमकी तेथूनच शिरते.

किडीने घर केल्यावर करावयाच्या उपायांत गेल्या काही दशकांत मोठा बदल झाला आहे. जुन्या संग्रहांत कातडी व लाकडी वस्तूंवर सोमलासारखी विषे चोळलेली असत. असे वाद्य आजही हाताळणाऱ्यास, आणि सुषिर वाद्य असल्यास ओठांस लावणाऱ्यास, अपायकारक ठरू शकते. मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी पुष्कळ वर्षे प्रचारात होती. परंतु लोकर, केस व कातडे यांतील गंधकयुक्त द्रव्यांशी त्याची क्रिया होऊन दुर्गंध निर्माण होतो. शिवाय ओझोनच्या थरास तो घातक असल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारान्वये विकसनशील देशांतही त्याचा सर्वसाधारण वापर २०१५ पर्यंत बंद करण्यात आला. आता वस्तू हवाबंद आवरणात ठेवून तीतील प्राणवायूचे प्रमाण एक टक्क्याहून पुष्कळ खाली आणावयाचे व ते तीन-चार आठवडे तसेच राखावयाचे, किंवा उणे ३० अंश सेल्सिअस तपमानात सुमारे तीन दिवस ठेवावयाचे, या पद्धती मान्य झाल्या आहेत. गोठविण्याची रीत ताणलेल्या कातड्यास आणि अनेक द्रव्ये सरसाने जोडलेल्या वाद्यास धोक्याची ठरू शकते. तेथे प्राणवायू काढून घेण्याची रीत अधिक सुरक्षित होय.

या सर्वांस साधने लागतात, आणि ती संग्रहालयांत मिळू शकतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा मोठा संग्रह आहे. परंतु महाराष्ट्रातील कितीतरी जुनी वाद्ये संग्रहालयांच्या बाहेर आहेत : देवळांतील नगारे व चौघडे, भजनी मंडळांच्या वीणा व मृदंग, गोंधळ्यांच्या घरचे संबळ, वादकांच्या वारसांकडील तंबोरे. त्यांतील एखादे पोखरले गेले म्हणजे एक वस्तू गेली एवढेच होत नाही. खोडाची जाडी, दांडीची पोकळी, रंध्रांमधील अंतरे यांतच त्या वाद्याचा स्वर साठविलेला असतो. तो छायाचित्रावरून परत मिळविता येत नाही. त्या त्या वाद्याच्या अंगांची नावे सांगणारी माणसेही वाद्याबरोबरच गप्प होतात, कारण वस्तू समोर नसली की शब्द विचारण्याचे निमित्त संपते. वाद्यविषयक परिभाषेचे क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच शब्द नोंदविताना वाद्याची स्थितीही नोंदवावी : भोके किती व केवढी, भुगा कसा, कोणत्या अंगाला. ‘कीड लागली आहे’ एवढा शेरा पुढच्या वाचकास काहीच सांगत नाही.

८. कानाची कसोटी

इटलीतील क्रेमोना येथील संग्रहालयात जुनी व्हायोलिने नियमाने वाजविली जातात. वाद्याचा आवाज टिकावा हा त्यामागील हेतू. पण त्याचा एक लाभ असाही की, नित्य हाताळल्या जाणाऱ्या वाद्यात अंधार आणि स्तब्धता फार काळ टिकत नाहीत. तबलीच्या आवाजातील एखादा बारीकसा फरक, एखाद्या स्वराशी उठणारी खरखर, वादकाच्या कानास भोक दिसण्यापूर्वीच कळू शकते. लाकडातील अळी खाताना होणारे अतिसूक्ष्म ध्वनी टिपून तिचा ठाव घेणारी उपकरणेही आता उपलब्ध आहेत. आर्नहेम लँडमधील माणूस खोडावर टिचकी मारून वाळवीची पोकळी ऐकतो, आणि मिरजेचा कारागीर भोपळा निवडताना त्यावर टिचकी मारतो. ही उपकरणे त्याच रीतीचा पुढचा टप्पा होत.

बंद पोकळीतील घटना डोळ्यांस कळत नाही आणि डोळ्यांनी पाहिलेल्या खुणांवरून केलेली अनुमाने चुकतात, हे दोन्ही न्यायांनी दाखविले. कान मात्र त्या पोकळीत पोहोचू शकतो. वाद्य हे नाहीतरी त्याच्याचसाठी केलेले असते. घरात जुने वाद्य असेल तर महिन्यातून एकदा ते उजेडात आणावे, पुसावे, थोडे वाजवावे आणि त्याखाली काळा कागद पसरून पाहावा. एवढ्याने त्याला लागतो तो सूर आहे की कीड, हे वेळेवर कळू शकेल.